रिठ्याचा फेस : एका जुन्या स्वच्छतेचा इतिहास आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाची कसोटी

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की दिल्लीत ओखला बंधाऱ्याखाली, कालिंदी कुंजजवळ, यमुनेच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगू लागतात. छठपूजेसाठी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिलेल्या स्त्रियांची आणि त्यांच्याभोवती दाटलेल्या त्या फेसाची छायाचित्रे दरवर्षी देशभर प्रसिद्ध होतात. २०१५ मध्ये बेंगळुरूच्या बेल्लंदूर तलावावरील फेस वाऱ्याने उडून लगतच्या रस्त्यांवर आला होता. दोन्ही ठिकाणी मुख्य कारण एकच आहे. प्रक्रिया न केलेले सांडपाणी, आणि त्यातून वाहत येणारी कपडे व भांडी धुण्याची द्रव्ये.

अशा बातम्यांच्या मागोमाग रिठ्याचे नाव हटकून पुढे येते. आजीच्या काळी घरोघरी रिठे होते, नद्या स्वच्छ होत्या, तेव्हा पुन्हा रिठ्याकडे वळावे, असा सल्ला दिला जातो. उलट बाजूने रिठा म्हणजे साबण परवडत नसलेल्या काळातील नाइलाज होता, असेही म्हटले जाते. ही दोन्ही मते घाईची आहेत. रिठ्याचा इतिहास नीट पाहिला तर आपल्या देशात स्वच्छतेचे ज्ञान कोणाच्या हाती होते, ते कसे मागे पडले आणि त्यातील काय आज उपयोगी आहे, हे अधिक नेमकेपणाने कळते.

नावे आणि झाडे

‘रिठा’ हे एकाच झाडाचे नाव नाही. भारतात मुख्यतः दोन प्रकारची झाडे या नावाने ओळखली जातात. दख्खन, कोकण आणि दक्षिण भारतात आढळते ते सपिंडस ट्रायफोलिएटस. त्याच्या फळाला तीन फुगीर खण असतात आणि ते तीन फळे एकत्र चिकटल्यासारखे दिसते. हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांत, उत्तराखंड, हिमाचल प्रदेश या भागांत, आढळते ते सपिंडस मुकोरोसी. त्याचे फळ बहुधा एकटे आणि गोल असते. दोन्ही झाडे लिचीच्या कुळातील आहेत. फळ पिकून वाळले की त्याचा गर आक्रसून तपकिरी, सुरकुतलेल्या सालीसारखा होतो आणि आत काळे, गुळगुळीत, अत्यंत कठीण बी खुळखुळू लागते. फेस येतो तो या सालीसारख्या गरातून. बी त्या कामी येत नाही, म्हणूनच जुन्या घरांत रिठे फोडून बिया वेगळ्या काढत असत.

संस्कृतात या फळाला ‘अरिष्ट’, ‘अरिष्टक’ आणि ‘फेनिल’ अशी नावे आहेत. ‘फेनिल’ म्हणजे फेसाळणारे. ‘अरिष्ट’ या शब्दाचे प्राकृत रूप ‘अरिट्ठ’. त्यातूनच गुजराती ‘अरीठा’, हिंदी ‘रीठा’ आणि मराठी ‘रिठा’ ही रूपे आली. तेलुगू भाषेत त्याला ‘कुंकुडु’, कन्नडमध्ये ‘अंटुवाळ’, तर तमिळमध्ये ‘पूंदिक्कोट्टै’ म्हणतात. उत्तरेतील नावे संस्कृताशी जुळतात आणि दक्षिणेतील नावे स्वतंत्र आहेत. या फळाचा वापर एखाद्या एकाच ठिकाणाहून देशभर पसरला असे मानण्याची गरज नाही. जिथे झाड होते तिथे लोकांनी ते ओळखले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

स्मृतिग्रंथातील एक नोंद

रिठ्याच्या वापराची एक जुनी आणि नेमकी नोंद अनपेक्षित जागी सापडते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे, म्हणजे निरनिराळ्या वस्तू कशा शुद्ध कराव्यात याचे, नियम आहेत. तेथे वस्त्रांची सरसकट एकच पद्धत दिलेली नाही. रेशमी आणि लोकरी वस्त्रांसाठी ‘ऊष’, म्हणजे खारी माती. ‘कुतप’ नावाच्या कांबळ्यांसाठी अरिष्टक. अंशुपट्ट या तलम वस्त्रासाठी बेलफळ. आणि जवसाच्या धाग्यापासून विणलेल्या क्षौम वस्त्रांसाठी पांढरी मोहरी, अशी वर्गवारी तेथे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही याच धर्तीचे नियम आढळतात.

या नोंदीचा अर्थ लावताना दोन प्रकारची सावधगिरी हवी. पहिली शब्दाविषयीची. ‘अरिष्ट’ हा शब्द संस्कृतात कडुनिंबासाठीही येतो आणि आयुर्वेदात आंबवलेल्या औषधी द्रवालाही तेच नाव आहे. या ठिकाणी मात्र संदर्भ कांबळी धुण्याचा असल्यामुळे रिठा हाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. आजचे रसायनशास्त्र त्या ग्रंथात शोधण्याचा मोह टाळला पाहिजे. आजच्या समजुतीप्रमाणे लोकर आणि रेशीम यांना अल्क सोसत नाही, आणि स्मृतीत तर त्यांच्यासाठी खारी माती सांगितली आहे. याची संभाव्य स्पष्टीकरणे देता येतात. कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर सौम्य अल्काने सुटतो आणि नव्या लोकरीतील चिकट मेदही निघतो. परंतु ग्रंथकाराला हे कारण ठाऊक होते, असे म्हणण्यास आधार नाही. त्या काळच्या समाजात वस्त्रागणिक वेगळे धुण्याचे द्रव्य वापरण्याचा प्रघात होता आणि त्यांत रिठ्याला ठरलेली जागा होती, एवढाच निष्कर्ष ही नोंद देते. तो निष्कर्षही कमी मोलाचा नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शुद्धीचे नियम लिहिणारे वेगळे होते आणि प्रत्यक्ष कपडे धुणारे वेगळे. ज्या समाजाने वस्त्रशुद्धीला एवढे महत्त्व दिले, त्याच समाजाने वस्त्रे शुद्ध करणाऱ्या धोब्याला खालच्या पायरीवर ठेवले. कोणत्या मातीने कापड उजळते, रिठ्याचे पाणी किती दाट असावे, किती वेळ भिजवावे, हे ज्ञान त्या हातांत होते. त्याचे ग्रंथ झाले नाहीत. ते कामातून कामाकडे, घाटावरून पुढच्या पिढीकडे गेले.

प्रत्येक मळाला वेगळा उपाय

साबणापूर्वीच्या भारतात रिठा हे सर्व कामांचे एकच द्रव्य कधीच नव्हते. रोजचे सुती कपडे बहुतांशी अल्काने धुतले जात. गंगेच्या मैदानात ऊसर जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर येतो. त्याला ‘रेह’ म्हणतात आणि त्यात सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट हे क्षार असतात. धोबी ही माती गोळा करीत. स्मृतीतील ‘ऊष’ आणि आजचा ‘ऊसर’ हे शब्द एकाच घरातले आहेत. जिथे रेह नव्हती तिथे लाकडाची राख किंवा सज्जीखार वापरला जाई. अल्काच्या पाण्यात भिजवलेले सुती कपडे भट्टीवर वाफवून नंतर दगडावर आपटून धूत. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो आणि त्याला हा मारा सोसतो.

रेशीम आणि लोकर यांचे तसे नाही. हे प्राणिज तंतू प्रथिनांचे बनलेले असतात. तीव्र अल्कात रेशमाची चमक जाते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. अल्क, उष्णता आणि घासणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखे घट्ट होते. रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी आणि सौम्य असते, म्हणून अशा कापडांसाठी ते सोयीचे ठरले. काश्मिरातील पश्मिना शाल असो, पैठणी असो वा पहाडी भागातील लोकरी कपडे असोत, त्यांच्या निगेत रिठ्याला जागा मिळाली ती या गुणामुळे.

सोनाराच्या दुकानातही रिठ्याचे पाणी असे. दागिन्यांच्या नक्षीत साचलेला घाम, तेल आणि धूळ त्याने सुटते, धातूला ओरखडा पडत नाही. चांदीवरचा काळा थर मात्र केवळ रिठ्याने जात नाही, कारण तो मळ नसून चांदी आणि गंधक यांच्या संयोगाने तयार झालेला सल्फाइडचा थर असतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच लावली जाई, कारण तेथे आम्लाने ऑक्साइडचा थर विरघळतो. खरकट्या, तेलकट भांड्यांना राख, कारण तिच्यातील अल्क तेलाला धरतो आणि तिचे कण घासण्याचे काम करतात. केसांसाठी शिकेकाई आणि रिठा. जुन्या घरातील ही विभागणी पाहिली की एक तत्त्व लक्षात येते. मळ कोणता आणि तो कशावर बसला आहे, हे पाहून द्रव्य निवडले जाई.

वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात

युरोपीय वनस्पतिशास्त्राने रिठ्याची दखल घेतली ती मलबारमधून. डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोचीनमधील अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध केला. त्यातील माहितीमागे इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यासह अनेक स्थानिक जाणकारांचे ज्ञान होते. १६८३ च्या चौथ्या खंडात रिठ्याच्या झाडाचे चित्र आणि वर्णन स्थानिक नावानिशी आले आहे. पुढे कार्ल लिनिअसने १७५३ मध्ये सपिंडस ट्रायफोलिएटस हे शास्त्रीय नाव दिले, त्याला या मलबारी नोंदीचाच आधार होता.

‘सपिंडस’ हे नाव ‘सापो’ आणि ‘इंडस’ या लॅटिन शब्दांपासून झाले. त्याचा अर्थ ‘इंडियन साबण’. हे वाचून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, पण येथेही थोडे थांबावे लागते. या प्रजातीचे प्रतिनिधी मानले गेलेले सपिंडस सॅपोनारिया हे झाड अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांचे आहे आणि त्या काळी युरोपीय लोक अमेरिकेलाही ‘इंडीज’ म्हणत. त्या झाडाची फळेही तेथील मूळ रहिवासी धुण्यासाठी वापरीत. मुकोरोसी हे नाव तर जपानी ‘मुकुरोजी’ या शब्दावरून आले आहे. जपानात या झाडाच्या काळ्या बिया नववर्षाच्या खेळातील पिसांच्या फुलात बसवल्या जात. तात्पर्य, फेसाळणाऱ्या फळाचा शोध अनेक देशांतील लोकांनी आपापल्या परीने लावला. भारताचे वेगळेपण शोधायचे असेल, तर ते वस्त्रागणिक द्रव्य निवडण्याच्या त्या बारीक विवेकात शोधावे.

फेसामागचे रसायन

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर ताण निर्माण होतो आणि पाणी कापडाच्या बारीक धाग्यांत सहज शिरत नाही. २५ अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध पाण्याचा हा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. रिठ्यातील ‘सॅपोनिन’ नावाची द्रव्ये तो चाळीसच्या आसपास खाली आणू शकतात.

सॅपोनिनच्या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग शर्करेच्या साखळीचा. त्याला पाण्याची ओढ असते. दुसरा ट्रायटर्पीन गटातील मोठा कार्बनी सांगाडा. त्याला तेलाची ओढ असते. पाण्यात ही द्रव्ये पुरेशा प्रमाणात असली की त्यांचे रेणू गोळा होऊन सूक्ष्म पुंजके बनवतात. पाणी आवडणारी टोके बाहेर आणि तेल आवडणारी आत, अशी त्यांची रचना असते. या पुंजक्यांना मिसेल म्हणतात. तेलकट मळ त्यांच्या पोटात अडकतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. साबण आणि डिटर्जंटही याच तत्त्वावर काम करतात.

फरक दिसतो तो जड, म्हणजे दुष्फेन पाण्यात. साबण हा मेदाम्लाचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच्याशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. फेस येत नाही, साबण वाया जातो आणि कपड्यावर करडेपणा राहतो. रिठ्याच्या सॅपोनिनचा असा साका होत नाही. याचा पडताळा कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत घेता येतो. विहिरीचे जड पाणी दोन बाटल्यांत घ्यावे. एकीत अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाकावा, दुसरीत रिठ्याचे गाळलेले पाणी. दोन्ही बाटल्या सारख्याच हलवाव्यात. पहिलीत पांढरे कण दिसतील, दुसरीत फेस टिकेल. मात्र फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. फेस हे पृष्ठताण कमी झाल्याचे लक्षण आहे. मळ काढण्याची क्षमता वेगळी मोजावी लागते.

साबण जिंकला कसा

साबण भारतात अपरिचित नव्हता. अरबी ‘साबून’ आणि पोर्तुगीज ‘सबाव’ हे दोन्ही शब्द लॅटिन ‘सापो’शी नाते सांगतात, आणि आपला ‘साबण’ त्याच परिवारातला. परंतु एकोणिसाव्या शतकापर्यंत साबण ही सर्वसामान्यांची वस्तू नव्हती. ती तशी झाली तीन बदलांमुळे. फ्रान्समध्ये निकोला लब्लांक याने मिठापासून सोडा बनवण्याच्या कृतीचे पेटंट १७९१ मध्ये घेतले आणि अल्क स्वस्त झाले. मिशेल शेव्ह्रल याने मेदांच्या रचनेवरील आपले संशोधन १८२३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले आणि साबण बनवणे अंदाजावरून शास्त्रावर आले. तिसरा बदल वसाहतींचा. नारळ, पाम यांसारखी वनस्पतिज तेले वसाहतींतून युरोपच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली.

१८८८ मध्ये लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्ता बंदरात उतरल्या. त्यानंतर स्वदेशीच्या चळवळीने या क्षेत्रात भारतीय उद्योगही उभे केले. १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाने बंगळूर येथे साबणाचा कारखाना सुरू केला आणि तेथील चंदनाच्या तेलाला नवे रूप मिळाले. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी प्राणिज चरबीऐवजी वनस्पतिज तेलाचा साबण बाजारात आणला. चरबीच्या साबणाविषयी अनेक भारतीय घरांत संकोच होता, तो त्यामुळे दूर झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. स्वदेशीचा अर्थ या उद्योजकांनी ‘पुन्हा रिठा’ असा केला नाही. त्यांनी नव्या शास्त्रावर आधारलेला, पण देशी भांडवलाचा आणि देशी तेलाचा साबण बनवला.

रिठा मागे पडला याचा दोष केवळ परदेशी व्यापाराला देता येत नाही. रिठे फोडणे, रात्रभर भिजत घालणे, उकळणे, कुस्करणे, गाळणे हे सर्व काम कोणाला तरी करावे लागे. घरात ते बहुधा स्त्रिया करीत. काढा दोन-तीन दिवसांत आंबतो, कारण त्यात शर्करा असतात. पांढऱ्या कपड्यावर त्याचा पिवळसर रंग चढू शकतो. डोळ्यांत गेला तर आग होते. प्रत्येक झाडाच्या, प्रत्येक हंगामाच्या फळांत सॅपोनिनचे प्रमाण सारखे नसते, त्यामुळे किती घालावे हे अनुभवानेच कळे. साबणाची वडी मात्र दरवेळी सारखीच, टिकाऊ आणि हाताशी. तिने कष्टाचा एक मोठा भाग कमी केला, हे मान्य केलेच पाहिजे.

हरवले ते वेगळेच. ‘या कापडाला हे, त्या भांड्याला ते’ असा विचार मागे पडला आणि एकच वडी सर्वत्र फिरू लागली. बाजाराला एकच वस्तू सर्वांना विकणे सोयीचे होते.

जड पाण्याचा प्रश्न पुन्हा

साबणाची दुष्फेन पाण्यातील अडचण उद्योगालाही भेडसावत होती. शिवाय युद्धकाळात चरबी आणि तेलांची टंचाई जाणवे. म्हणून जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेदाशिवाय धुण्याची कृत्रिम द्रव्ये शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत त्यांचा खप झपाट्याने वाढला. भारतात १९५९ मध्ये सर्फ हे चूर्ण आले. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा हे स्वस्त चूर्ण विकायला सुरुवात केली आणि डिटर्जंट गरीब घरांपर्यंत पोचले. जड पाण्यातही फेस, हा या चूर्णांचा मोठा गुण होता. रिठ्याकडे तो पूर्वीपासून होता, पण त्याच्याकडे कारखाना नव्हता.

फेसाचे संकट याच टप्प्यावर सुरू झाले. सुरुवातीच्या डिटर्जंटमधील रेणूंच्या कार्बन साखळ्यांना फांद्या होत्या आणि जिवाणूंना ते सहजी मोडता येत नसत. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्या फेसाळू लागल्या. १९६० च्या दशकात उद्योगाने सरळ साखळीच्या, जिवाणूंना पचणाऱ्या रेणूंकडे मोर्चा वळवला. डिटर्जंटमधील फॉस्फेटचा प्रश्न वेगळा होता. फॉस्फेट हे शैवालाचे खाद्य. ते तलावात गेले की शैवाल माजते, पुढे कुजते आणि पाण्यातील ऑक्सिजन संपवते.

मग पचणारे रेणू वापरात असूनही यमुना का फेसाळते? जिवाणूंना काम करायला वेळ, हवा आणि जागा लागते. ती सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मिळते. नाल्यातून थेट नदीत आलेल्या पाण्याला ती मिळत नाही. बंधाऱ्यावरून असे पाणी उंचावरून कोसळले की त्यात हवा मिसळते आणि फेस उसळतो. तेव्हा उद्या दिल्लीतील प्रत्येक घराने रिठा वापरला आणि सांडपाणी तसेच सोडले, तर त्या नाल्यांतून सॅपोनिन वाहील. आणि सॅपोनिन फेसाळतेच, त्याचे संस्कृत नावच ‘फेनिल’ आहे. नदीचा प्रश्न शुद्धीकरण केंद्रांचा आहे. घरातील द्रव्य बदलून त्याला हातभार लागतो, उत्तर मिळत नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

झाडाने सॅपोनिन माणसाच्या कपड्यांसाठी निर्माण केलेले नाही. वनस्पतींत अशी द्रव्ये कीटक, बुरशी यांच्यापासून संरक्षणासाठी उपयोगी पडतात. सॅपोनिन पेशीच्या मेदयुक्त पटलाशी संयोग पावते आणि ते पटल भेदू शकते. तांबड्या रक्तपेशी रिठ्याच्या द्रावणात फुटतात, हा प्रयोगशाळेत नेहमी दिसणारा परिणाम आहे. मनुष्याच्या आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही, म्हणून जिभेला स्पर्श झाला तरी मोठा अपाय होत नाही. माशांचे तसे नाही. त्यांच्या कल्ल्यांची पटले पाण्याच्या थेट संपर्कात असतात. रिठ्यासारखी सॅपोनिनयुक्त फळे पाण्यात टाकून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत जगाच्या अनेक भागांत होती. मत्स्यशेतीत तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड वापरतात, तिचे कार्यही तिच्यातील सॅपोनिनमुळेच होते.

हाच गुण भारतीय शास्त्रज्ञांनी औषधासाठीही तपासला. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने रिठ्यातील सॅपोनिनपासून शुक्रजंतूंना निष्क्रिय करणारे ‘कॉनसॅप’ हे संततिनियमनाचे मलम विकसित केले. शुक्रजंतूचे पटल भेदणे हे त्यामागचे तत्त्व. ज्या द्रव्याने शालीचा मळ निघतो, त्याच द्रव्याने जिवंत पेशीही फुटते. कृत्रिम असो वा नैसर्गिक, प्रत्येक द्रव्याचा परिणाम त्याच्या मात्रेवर आणि ते कोठे पोचते यावर ठरतो.

म्हणून रिठ्याने कपडे धुतलेले पाणी थेट ओढ्यात, विहिरीत किंवा माशांच्या तळ्यात सोडू नये. ते मातीत जिरू दिले तर जिवाणू त्याचे विघटन करतात. रिठ्याला जंतुनाशक समजून रुग्णाच्या खोलीची वा शौचालयाची स्वच्छता त्याच्यावर सोपवणेही योग्य नाही.

आजचे स्थान

सर्व देशाने डिटर्जंट सोडून रिठा धरावा, ही सूचना हिशेबात कितपत बसते? एका कुटुंबाला महिन्याला बी काढलेला रिठा अर्धा किलो लागतो असे केवळ उदाहरणादाखल धरू. वर्षाला सहा किलो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २५ कोटी कुटुंबे होती. म्हणजे वर्षाला १५० कोटी किलो, अर्थात १५ लाख टन सुका गर लागेल. रिठ्याचे रोप फळावर यायला अनेक वर्षे जातात आणि बरीचशी फळे आजही टेकड्यांतील, बांधांवरील, रानातील झाडांवरून गोळा केली जातात. मागणी एकाएकी इतकी वाढली तर पहिला भार त्या झाडांवर आणि ती वेचणाऱ्या लोकांवर पडेल. स्वच्छतेच्या नावाखाली जंगल ओरबाडले गेले, तर पर्यावरणाचा हेतूच हरवेल.

रिठ्याची योग्य जागा याहून लहान आणि निश्चित आहे. रेशमी साडी, लोकरीची शाल, नक्षीचे दागिने, हाताने विणलेली नाजूक वस्त्रे, केस आणि साबणाला दाद न देणारे जड पाणी, या ठिकाणी तो आजही उत्तम काम करतो. पाच-सहा रिठे फोडून, बी काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावेत. सकाळी मंद आंचेवर थोडे उकळून, कुस्करून, गाळून घ्यावेत. एक-दोन दिवसांत संपवावेत. रंगीत कापडाच्या कोपऱ्यावर आधी तपासून पाहावे. तेलाचे घट्ट डाग, कारखान्यातील वंगण किंवा खूप मळलेले सुती कपडे यांसाठी साबण आणि डिटर्जंट अधिक परिणामकारक आहेत, आणि तेही मोजून वापरावेत. पाकिटावर सांगितल्याहून अधिक चूर्ण घातल्याने कपडा अधिक स्वच्छ होत नाही, नाल्यातील फेस मात्र वाढतो.

ऊसरातील माती गोळा करणारा धोबी, रिठ्याच्या पाण्यात दागिना बुडवणारा सोनार आणि शाल पाण्यात हलक्या हाताने खालीवर करणारी काश्मिरी स्त्री यांपैकी कोणी मिसेल हा शब्द ऐकलेला नव्हता. तरीही कोणत्या वस्तूला काय सोसते, याचे निरीक्षण त्यांनी पिढ्यानुपिढ्या केले होते. पुढे काय वापरायचे, हे ठरवताना त्यांच्या निरीक्षणाइतकीच आजच्या मोजमापाचीही गरज आहे. रिठ्याचे झाड लावण्याइतकी जागा ज्या शाळेच्या आवारात असेल, तेथे ते अवश्य लावावे. त्याची फळे घेऊन तिथल्या विद्यार्थ्यांनी गावच्या विहिरीचे पाणी तपासावे, फेसाची उंची मोजावी, डाग निघाला की नाही ते पाहावे आणि उरलेले पाणी कोठे ओतायचे याचाही विचार करावा.